पीएल-२५९ काढून पुन्हा बसवला की दर पावसाळ्यात एसडब्ल्यूआर चढतो : कारण आणि उपाय

हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी संपर्काच्या) अँटेनाबद्दलची तक्रार एकच, पण ती दर वर्षी येते. मृगाच्या सरी पडेपर्यंत सगळं सुरळीत असतं. आर्द्रा नक्षत्र लागलं की ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झ) एसडब्ल्यूआर, म्हणजे पाठवलेली शक्ती किती परत येते ते दाखवणारा आकडा (१ म्हणजे उत्तम), १.३ वरून पावणेतीनला जातो. प्लग जरा हलवला की खाली येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. अँटेना खाली उतरवायचा, केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ प्लगचं सोल्डर गरम करून परत बसवायचं. पंधरा-वीस दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. माझ्याकडे हे ओळीने तीन पावसाळे झालं. तिन्ही वेळा मी दोष कनेक्टरला दिला, कारण तो जुना होता, भंगारातून काढलेला होता. दोष त्याचा नव्हता. ज्यांच्याकडे हीच लक्षणं आहेत त्यांनी चांगला जुना कनेक्टर कचऱ्यात टाकण्याआधी हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझी मांडणी सांगतो. घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर. ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही (मध्ये उंच, दोन्ही टोकं खाली उतरलेला तारेचा अँटेना), दोन्ही बाजू मिळून साधारण २० मीटर तार, मधला भाग नारळाला बांधलेल्या बांबूवर. तिथे बलून (फुगा नव्हे, अँटेनाची तार आणि केबल यांच्यातला जोड-घटक), आणि बलूनपासून जांभ्याच्या भिंतीतल्या भोकातून आत येणारी २५ मीटर आरजी-२१३ (जाड कोॲक्स केबल: मधली तार, तिच्याभोवती पांढरं पॉलिथिन, त्यावर तांब्याची जाळी, वर काळं आवरण). केबलच्या दोन्ही टोकांना पीएल-२५९. वरचा प्लग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेल्या केबलच्या तुकड्यावर होता, तो मी सोडवून वापरला होता. चांदीचा मुलामा, आत पांढरं टेफ्लॉन. असा माल हाती लागला की सोडू नये, हे माझं मत आजही कायम आहे.

लक्षणावरून दोष कुठे आहे ते ओळखा

प्लग हलवल्यावर आकडा उडत असेल तर जाळीचा किंवा मधल्या तारेचा सांधा कच्चा आहे. रेडिओ सेटवर नुसतं ऐकताना सिग्नल मंद येतो, एकदा पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबून सोडलं की अचानक मोकळा ऐकू येतो, हेही कच्च्या सांध्याचंच लक्षण. दोन धातूंच्या मध्ये गंजाचा पातळ पापुद्रा असतो, पाठवण्याच्या व्होल्टेजने तो तेवढ्यापुरता फुटतो आणि थोड्या वेळाने परत बसतो. १० वॅटवर ठीक आणि १०० वॅटवर एसडब्ल्यूआर उसळत असेल तर आत ठिणगी पडते आहे असं समजा. १०० वॅट म्हणजे ५० ओहमवर सुमारे ७० व्होल्ट आणि जवळजवळ दीड अँपिअर करंट. तो दीड अँपिअर जाळीच्या चार-पाच तारांवरून जात असेल तर त्या तापणारच.

चौथं लक्षण फसवं आहे. एसडब्ल्यूआर छान दिसतो, आधीपेक्षाही छान, पण ऐकू कमी येतं आणि समोरचा म्हणतो, तुझा सिग्नल पडलाय. हे केबलमध्ये पाणी शिरल्याचं लक्षण. ओली केबल जाताना शक्ती खाते आणि परत येताना पुन्हा खाते. मीटरपाशी परत आलेली शक्ती इतकी कमी असते की काटा गोड बोलतो. माझ्याकडे पहिलं लक्षण आणि हे चौथं लक्षण एकत्र होतं. मी तीन वर्षं फक्त पहिल्याच्या मागे धावत राहिलो.

याची तपासणी सोपी आहे. वरचं टोक बलूनवरून सोडवा आणि मोकळं ठेवा. खालच्या टोकाला नॅनोव्हीएनए किंवा अँटेना ॲनलायझर (अँटेना-केबल मोजायची छोटी यंत्रं) लावा आणि ७ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर वाचा. सेटने पाठवून ही तपासणी चुकूनही करू नका. टोक मोकळं असल्यामुळे सगळी शक्ती परत यायला हवी, म्हणजे एसडब्ल्यूआर खूप मोठा दिसायला हवा. चांगल्या २५ मीटर आरजी-२१३ ला तो वीसच्या आसपास येतो. माझा आला साडेतीन. हिशेब केला तर नुसतं खालून वर जाताना अडीच डेसिबल गळत होते. म्हणजे खालून १०० वॅट दिले तर वर पोचत होते जेमतेम ५५. हा आकडा पाहिल्यावर प्लगवरचा माझा राग गेला.

वात

आमच्या भागातले एक ज्येष्ठ हॅम आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. आयुष्यभर टेलिफोनच्या केबली जोडण्याचं काम केलेलं. तिसऱ्या वर्षी ते घरी आले असताना मी पडवीत तो प्लग घेऊन बसलो होतो. त्यांनी प्लगकडे पाहिलंही नाही. कटर मागितला आणि प्लगच्या मागे वीतभर केबलचं काळं आवरण उभं चिरलं. आतली जाळी तांब्याची दिसायला हवी होती. ती होती काळी, मध्ये मध्ये हिरवट, बोटाला ओलसर लागणारी.

"कनेक्टर चांगला आहे रे तुझा," ते म्हणाले. "ही बघ. समईतल्या वातीत तेल कसं चढतं? तसं ह्यात पाणी चढलंय. आणि वरून खाली तर त्याला चढावंही लागत नाही."

जाळी म्हणजे शेकडो बारीक तारांची वीण. त्यांच्यातल्या फटी केशनलिकेसारखं पाणी ओढतात. वरच्या टोकाला प्लगच्या मागे आवरण आणि बॉडी यांच्यात जी चीर असते, तिथून एकदा पाणी शिरलं की ते वजनाने आणि ओढीने मीटरच्या मीटर खाली जातं. आमच्याकडच्या हवेत मीठ, त्यामुळे तांबं लवकर कळकतं. बाहेरून केबल नवी कोरी दिसते. मी दर वर्षी काय करत होतो? तोच प्लग गरम करून त्याच काळ्या जाळीवर पुन्हा बसवत होतो. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, वरवर गोळा बसतो. चार दिवस घर्षणावर काम चालतं, आणि पहिल्या दमट आठवड्यात संपतं.

आरजी-५८ (बारीक कोॲक्स केबल) वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिची जाळी बहुतेक वेळा कल्हई केलेली असते, त्यामुळे ती काळी न पडता नुसती करडी, निस्तेज दिसते. रंगावर भरवसा ठेवू नका, टोकाला थोडं सोल्डर लावून बघा. पसरलं तर ठीक, गोळी होऊन घरंगळलं तर ते टोक गेलं.

तेव्हा पहिला उपाय हाच. चांगलं तांबं दिसेपर्यंत केबल मागे कापत जा. मी फूट-फूट कापत गेलो. पहिल्या फुटात काळं, दुसऱ्यात काळं, तिसऱ्या-चौथ्यात तपकिरी. साधारण दोन मीटरवर आवरण सोललं तेव्हा जाळी लालसर, चकचकीत निघाली. दोन मीटर केबल टाकताना हात अडखळतो हे मला माहीत आहे. पण सात-आठ मीटर कापूनही काळंच निघालं तर ती केबल बाहेर वापरायची सोडा, तिच्यावर आणखी एकही सोल्डर वाया घालवू नका.

कनेक्टर सोडवण्यालायक आहे का

पीएल-२५९ ही १९३० च्या दशकातली वस्तू. पीएल म्हणजे प्लग, आणि ज्यात तो बसतो तो सॉकेट एसओ-२३९. आटे पाच-अष्टमांश इंच व्यासाचे, इंचाला २४. इतक्या वर्षांत तो बनवणाऱ्यांनी चांगलं आणि वाईट दोन्ही साहित्य वापरलं आहे, त्यामुळे निवड महत्त्वाची.

मधलं इन्सुलेटर आधी बघा. पांढरं, मेणचट, नखाने किंचित ओरखडा उठणारं असेल तर बहुधा टेफ्लॉन. ते ३२७ अंशांना वितळतं, आणि साधं शिशाचं सोल्डर १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान. म्हणजे हातात भरपूर सवड आहे. तपकिरी, कडक, बेकलाइटसारखं असेल तर ते फेनॉलिक. तेही उष्णता चांगलं सोसतं, पण त्याच्यावर काळी रेघ किंवा जळाल्याची खूण असेल तर ठेवू नका. एकदा कोळशाची वाट पडली की वीज पुन्हा त्याच वाटेने जाते. दुधी किंवा पारदर्शक प्लॅस्टिक असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक कडेला क्षणभर टेकवा. मऊ पडलं की निर्णय झाला. असले कनेक्टर एकदाच बसवायचे असतात, सोडवताना पिन वाकडी होऊन बसते.

मुलामा चांदीचा असेल तर तो काळा पडलेला असू शकतो, त्याने घाबरू नका. कानस किंवा पॉलिश पेपर मात्र लावू नका, चांदी निघून जाईल. घरात देवाची चांदीची भांडी साफ करायची जी युक्ती आहे तीच इथे चालते: पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर गरम पाणी, चमचाभर खायचा सोडा, आणि कनेक्टर फॉइलला टेकलेला. पाच-दहा मिनिटांत काळेपणा उतरतो. हे टेफ्लॉनच्या कनेक्टरलाच करा, फेनॉलिक थोडं पाणी पितं. नंतर साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं. निकेलच्या मुलाम्याला सोल्डर नाखुशीने धरतं. तिथे उलट, चारही भोकांच्या कडा बारीक कानशीने घासून खालचं पितळ उघडं करावं लागतं.

सोडवणं : ओढायचं नाही, फिरवायचं

मी पूर्वी काय करायचो ते सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात. बॉडी आयर्नने तापवत राहायचं आणि पक्कडीने केबल ओढायची. केबलच्या आतलं पांढरं पॉलिथिन शंभर-एकशेदहा अंशांनाच मऊ व्हायला लागतं, सोल्डर त्याच्या कितीतरी नंतर. त्यामुळे सोल्डर सुटेपर्यंत आतला सगळा लगदा होतो, ओढलं की तो मेणबत्तीसारखा लांबतो, आणि जाळीचे तुकडे बॉडीत अडकून राहतात.

काकांनी माझा हात धरून थांबवलं. "ओढतोयस काय? आत आटे आहेत. फिरव."

आरजी-२१३ च्या जाडीला बनवलेल्या बॉडीच्या मागच्या तोंडाला आतून आटे असतात. बसवताना केबलचं आवरण त्या आट्यांत स्क्रूसारखं फिरवत आत नेतात. मग काढतानाही ते उलटं फिरवूनच बाहेर यायला हवं. इतकी साधी गोष्ट, पण ती कळल्यापासून माझा एकही कनेक्टर वाया गेलेला नाही.

क्रम असा ठेवा. केबल प्लगच्या मागे आठ-दहा सेंटिमीटर ठेवून कापा, ते शेपूट म्हणजे तुमची मूठ. बाहेरची फिरती रिंग मागे घेऊन शेपटावरून काढून ठेवा. ती सुटत नसेल तर बहुतेक भोकांवर सोल्डरचे उंचवटे राहिलेले असतात, ते आधी कानशीने सपाट करा. रिंग अंगावर ठेवून तापवलं तर ती उष्णताही पिते आणि आटेही सोल्डरने भरतात.

मग मधली पिन. हे बॉडीच्या आधीच करायचं. पिन पोकळ असते आणि तार तिच्यात सोल्डरने धरलेली असते. ती तशीच ठेवून तुम्ही केबल फिरवलीत तर पिनही टेफ्लॉनमध्ये फिरते आणि सैल होते. पिन सैल झाली की कनेक्टर संपला. म्हणून पिनच्या टोकाला थोडं ताजं सोल्डर लावा. जुन्या, मळलेल्या सोल्डरमध्ये उष्णता उतरत नाही, ताजं त्याला वाट करून देतं. सगळं पातळ झालं की डीसोल्डर पंपाने ओढा. दोन-तीनदा करा. मग पिनच्या तोंडातून दिसणारी तार सुईने हलवून बघा. मोकळी हलली तर पुढे जा. नाही हलली तर हे दोन माणसांचं काम आहे: एकाने पिनवर आयर्न धरायचं आणि दुसऱ्याने केबल फिरवायची.

आता बॉडी. व्हाइसमध्ये धरताना दोन्ही बाजूंनी लाकडाचे तुकडे घाला, नाहीतर लोखंडी जबडे तुमची सगळी उष्णता पिऊन टाकतील. चारही भोकांतलं सोल्डर, ताजं सोल्डर लावून, पंपाने शक्य तेवढं काढा. मग मोठं आयर्न बॉडीला आडवं टेकवा. इथे २५ वॅटचं बारीक टोकाचं आयर्न कामाचं नाही, हे मी ठासून सांगतो. त्याने बॉडी कधीच सोल्डर वितळण्याइतकी तापत नाही, फक्त पाच मिनिटं कोमट राहते आणि आतलं पॉलिथिन शिजतं. ८० ते १०० वॅट, जाड छिन्नीसारखं टोक. भोकांमध्ये सोल्डर चमकून हललं की पक्कडीने शेपूट धरा आणि घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवा. पहिला पाव फेरा जड जातो. तो एकदा गेला की पुढे केबल आपोआप बाहेर सरकते, जाळी सकट.

आरजी-५८ ला मध्ये रिड्यूसर (बारीक केबल जाड बॉडीत बसवणारी नळी) असतो. तिथे जाळी रिड्यूसरवर दुमडून भोकांमधून त्यालाच सोल्डर केलेली असते. तोही आट्यांवरच बसतो, तेव्हा पद्धत तीच, फक्त पक्कड रिड्यूसरच्या मागच्या कडेवर लावायची. रिड्यूसर वाकडा झाला तरी चालेल, तो स्वस्त असतो. बॉडी जपा.

खिडकी उघडी ठेवा. टेफ्लॉनवर ज्योत किंवा हीट गनचा पूर्ण झोत धरू नका, अति तापलं तर त्याचा धूर फुप्फुसांना वाईट. चष्मा घाला, आणि सोल्डर झटकून उडवायची सवय असेल तर ती सोडा. काम झाल्यावर हात साबणाने धुऊनच चहाचा कप उचला, सोल्डरमध्ये शिसं आहे.

आतली सफाई

गरम असतानाच बॉडीच्या आतला पॉलिथिनचा लगदा बांबूच्या काडीने फिरवून काढा. थोडा राहिला तर थंड झाल्यावर तो टणक होऊन सालीसारखा निघतो. जाळण्याचा मोह टाळा, जळलेलं पॉलिथिन चिकट काळं किटण होऊन बसतं.

पिनचं भोक मोकळं करायला माझ्याकडे विणकामाची ॲल्युमिनियमची बारीक सुई आहे. ॲल्युमिनियमला सोल्डर धरत नाही. पिन तापवून सुई आरपार घातली, आयर्न काढलं, थंड होऊ दिलं आणि सुई ओढली, की भोक गोल आणि स्वच्छ मिळतं. सायकलच्या स्टेनलेसच्या आऱ्याचा तुकडाही चालतो.

चार भोकांत हट्टी सोल्डर उरलं असेल तर भोकापेक्षा किंचित बारीक ड्रिल बिट हातानेच फिरवा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. मग पिन आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटर सगळ्यात मोठ्या ओहमवर लावा. काहीही दिसता कामा नये. मेगर (जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मिळत असेल तर ५०० व्होल्टवर बघा, बारीक चूक तिथे पकडली जाते.

पुन्हा बसवताना

काळं तांबं टाकून दिलं, बॉडी स्वच्छ केली, तरी घाईने बसवलं तर पुन्हा तेच होईल. माझ्या अनुभवात नव्वद टक्के फसलेले सांधे एकाच कारणाने फसतात: जाळी आणि बॉडी दोघांनाही आधी कल्हई, म्हणजे सोल्डरचा पातळ थर, केलेली नसते. आयर्न भोकावर धरून सोल्डर ओतलं जातं, भोक भरतं, वरून चकचकीत दिसतं, आणि आत जाळीला ते शिवलेलंही नसतं.

म्हणून बॉडीच्या भोकांच्या आतल्या कडेला रिकामी असतानाच थोडं सोल्डर लावून घ्या. केबल सोलताना मापं कागदावरून घेऊ नका. केबल कनेक्टरच्या शेजारी धरा आणि मार्करने खुणा करा: आवरण कुठे संपेल, जाळी कुठे संपेल, पांढरं पॉलिथिन कुठे. जाळी चारही भोकांखाली यायला हवी, त्याच्या पुढे जायला नको. पॉलिथिन जाळीच्या पुढे दीड-दोन मिलिमीटर उघडं राहिलं पाहिजे, नाहीतर जाळीची एखादी तार मधल्या तारेला चिकटते. आवरण सोलल्यावर जाळी न कापता तिच्यावर पातळ कल्हई करा, थंड होऊ द्या, आणि मग पाइप कापायच्या छोट्या कटरने ती गोल कापा. कल्हई केलेली जाळी नळीसारखी कापली जाते, एकही तार सुटत नाही. ही कल्हई जाड नको, नाहीतर बॉडी वर चढणार नाही.

फ्लक्स राळेचाच वापरा. पत्र्याच्या कामाचं ॲसिड किंवा कल्हईवाल्याचा नवसागर भांड्याला ठीक आहे, कारण भांडं धुता येतं. जाळीच्या आत शिरलेला क्षार धुता येत नाही, तो वर्षभरात तांबं खातो.

फिरती रिंग आधी केबलवर ओवा, तिचे आटे प्लगच्या दिशेला. मग केबल बॉडीत घड्याळाच्या दिशेने फिरवत आत न्या. भोकांतून कल्हई केलेली जाळी दिसली पाहिजे आणि पिनच्या तोंडातून तार. पूर्ण तापलेलं आयर्न पहिल्या भोकावर. मनात आठ-दहा आकडे मोजेपर्यंत सोल्डर आत ओढलं गेलं पाहिजे. ते वर डबक्यासारखं साचलं तर आयर्न छोटं आहे किंवा जाळी मळकी आहे, जास्त वेळ धरून त्यावर उपाय होत नाही. भोकं लागोपाठ घेऊ नका, एक झालं की बॉडी थोडी निवू द्या. केबल सरळ राहील अशी टांगून ठेवा. आतलं पॉलिथिन मऊ असताना वाकडी राहिली तर मधली तार एका बाजूला सरकते आणि पुढे कधीतरी जाळीला टेकते. पिनचं सोल्डर शेवटी. पिनच्या बाहेर थेंब राहिला तर तो कानशीने उतरवा, नाहीतर समोरच्या एसओ-२३९ चे पाकळ्यांसारखे स्पर्श फाकतील आणि दोष तिकडे सुरू होईल.

एन-टाइप आणि बीएनसी या दुसऱ्या प्रकारच्या कनेक्टरांबद्दल थोडक्यात. क्लॅम्पचा एन-टाइप मुळातच उघडता येतो, रबरी वॉशर नवा घातला की झालं. क्रिम्पची (दाबून बसवायची) नळी पुन्हा वापरता येत नाही, पण पिन सोल्डरची असेल तर बॉडी वाचते. ७० सेंटिमीटरच्या बँडसाठी मात्र मी काढलेला पीएल-२५९ वापरत नाही. त्याचा इम्पिडन्स मुळात नेमका ५० ओहम नाही, एचएफला (३० मेगाहर्ट्झपर्यंत) फरक पडत नाही, २ मीटरवर चालून जातं, त्याच्या वर एन-टाइपच बरा.

पाणी बाहेर ठेवणं

वरच्या टोकाला सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) दुप्पट ओढून, खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी बाहेरून ओघळतं. त्याच्यावर पीव्हीसी टेप, ऊन झेलायला. आमच्याकडे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची पद्धत आहे. पहिल्या थरासाठी ती वाईट नाही, पण उघडी ठेवली तर एका उन्हाळ्यात तडकते. सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातून सुटणारं ॲसिड तांब्याला लागतं. न्यूट्रल लिहिलेलं घ्या. भिंतीतल्या भोकाबाहेर केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही.

माझा तोच चांदीचा प्लग आता २३ मीटर केबलवर आहे. दोन पावसाळे झाले. टोक मोकळं ठेवून घेतलेला एसडब्ल्यूआर पहिल्या दिवशी २१ होता, मघा नक्षत्र संपल्यावर घेतला तेव्हा २०. दर वर्षी मे महिन्यात आणि गणपती झाल्यावर हा एक आकडा मी वहीत लिहून ठेवतो. तो उतरायला लागला की पाणी शिरलं हे काटा उडण्याच्या कितीतरी आधी कळतं.

नवीन बसवलेल्या प्लगची शेवटची परीक्षा डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचा, शक्ती पचवणारा ५० ओहमचा रेझिस्टर) घ्या. ५० वॅट, दोन-तीन मिनिटं सलग. मग सेट बंद करा आणि प्लगला हात लावा. गार असेल तर वर चढवा. कोमट लागला तर तो खाली ठेवा आणि चारही भोकं पुन्हा उघडून बघा.